उपकार विसरू नयेत म्हणून: घरात, शेतात आणि मंडळीत उपकारस्तुतीची सवय

देवाचे उपकार मानावेत, हे ख्रिस्ती घरात कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. अडचण आहे ती विसरण्याची. जूनमध्ये पाऊस लांबला की रोज रात्री घरोघरी प्रार्थना होते, आणि पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे कपाशीच्या लागवडीला धावतात. स्तोत्र १०३ च्या कर्त्याला हा स्वभाव ठाऊक होता. दुसऱ्याच वचनात तो स्वतःच्या जिवाला बजावतो की, त्याचे सर्व उपकार विसरू नकोस. मग तिसऱ्या ते पाचव्या वचनात एकेक उपकार मोजून दाखवतो: पापांची क्षमा, रोगातून बरे होणे, नाशापासून सुटका, दयेचा मुकुट, उत्तम गोष्टींनी तृप्ती. उपकारस्तुती, म्हणजे देवाचे असे आभार मानणे, आपसूक उमलण्याची वाट पाहत बसलात तर ती सणासुदीपुरतीच उरते. तिला वेळ, जागा आणि पद्धत ठरवून द्यावी लागते. इथे ती पद्धत दिली आहे.

सुरुवातीलाच एक भेद लक्षात घ्या. "मुलाला नोकरी लागली तर सभा ठेवीन" हे देवाशी केलेले बोलणे आहे, पण त्याला उपकारस्तुती म्हणता येणार नाही. नवसाचे अर्पण पवित्र शास्त्रातही आहे, मात्र लेवीय ७ मध्ये उपकारस्तुतीचे अर्पण त्याहून वेगळे सांगितले आहे. नवस काहीतरी घडण्यावर टांगलेला असतो, उपकारस्तुती घडून गेलेल्या गोष्टीकडे पाहते. सवय लावताना या दोहोंची गल्लत झाली, की पहिली मागणी फसताच सवयही सुटते.

रोज रात्रीची दहा मिनिटे

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. तिथे लिहिता लिहिता बोट दुसरीकडे वळते, आणि वर्षाअखेरीस पाने उलटून पाहायची सोय राहत नाही. वेळ जेवणानंतरची, टीव्ही लावण्याच्या आधीची. वर तारीख आणि खाली तीन नोंदी. तीनच का? पहिली चटकन सुचते, दुसरीला थोडे थांबावे लागते, तिसरी शोधावी लागते, आणि खरा सराव त्या तिसरीत आहे. दहा-बारा नोंदी लिहायला गेलात तर आठवड्याभरात निव्वळ यादी होते आणि मन त्यातून निघून जाते.

नोंदीत चार गोष्टी याव्यात: काय मिळाले, केव्हा मिळाले, कुणाच्या हातून मिळाले, आणि त्यात देवाने काय केले. शिवाय ती देवाला उद्देशून लिहा, देवाविषयी नको. "चांगल्या आरोग्याबद्दल धन्यवाद" ही नोंद कुठल्याही दिवशी, कुठल्याही घरात चालेल, म्हणून ती आठवणीत राहत नाही. त्याऐवजी असे लिहा: "प्रभू, आज दुपारी दोनला थ्री फेज लाइट आली आणि केळीच्या खालच्या पट्ट्याला पाणी पोचले. लाइनमन भर उन्हात खांबावर चढला होता. त्याच्या हातून तू बाग राखलीस." किंवा: "आई पडल्यापासून आज पहिल्यांदा स्वतः उठून पाणी प्यायली. तिच्या पायात बळ तू घातलेस." सहा महिन्यांनी वाचल्यावर ज्या नोंदीतून तो दिवस पुन्हा समोर येतो, ती नोंद जमली असे समजा.

घरात अहिराणी, मावची, पावरी किंवा भिली बोलत असाल तर लिहिणे आणि प्रार्थनाही त्याच बोलीत करा. उपासनेतली प्रमाण मराठी सुंदर आहेच, पण घरात तिची सक्ती केली की म्हातारी माणसे आणि लहान मुले गप्प बसतात. "देवा, पाऊस उना" एवढे म्हणणारी आजी पूर्ण प्रार्थना करत असते.

क्रमही महत्त्वाचा. सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोला यांनी दिवसाचे आत्मपरीक्षण कसे करावे हे शिकवले, त्यात उपकार मानणे पहिले ठेवले आणि चुका नंतर. कॅथलिक असा वा प्रोटेस्टंट, हा क्रम कामाचा आहे. आधी चुका आठवल्या तर मन भीतीने आखडते. आधी देवाचा चांगुलपणा आठवला तर चूक कबूल करायला धीर येतो.

लिहिता न येणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी तुरीचे दाणे आणि एक रिकामा डबा पुरे. रात्री प्रत्येकाने एक गोष्ट मोठ्याने सांगायची आणि डब्यात एक दाणा टाकायचा. पाच जणांच्या घरात आठवड्याला ३५ दाणे होतात. शनिवारी ते ताटात ओतायचे आणि एकेक दाणा उचलत ती गोष्ट आठवायची. सगळे दाणे जुळणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त आठवते, हे मोठ्यांच्या तिथेच लक्षात येते.

साधारण तिसऱ्या आठवड्यात नोंदी पुन्हा पुन्हा त्याच येऊ लागतात: अन्न, आरोग्य, कुटुंब. उपकार संपलेले नसतात, आपली नजर एकाच जागी खिळलेली असते. त्यावर वारांची वाटणी करून पाहा. सोमवारी शरीर, मंगळवारी शेत किंवा नोकरी, बुधवारी ज्यांनी काही शिकवले ती माणसे, गुरुवारी ज्यांचे नावही माहीत नाही ती माणसे (एसटीचा ड्रायव्हर, केळीची गाडी भरणारे हमाल, रक्तपेढीतला दाता), शुक्रवारी क्रूस, शनिवारी मंडळी (आपले चर्च), रविवार मोकळा. शुक्रवार कधीही वगळू नका. ख्रिस्ताने केलेल्या क्षमेची नोंद नसलेली वही हळूहळू फक्त सुखसोयींचा हिशेब होते, आणि सोयी कमी झाल्या की बंद पडते.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. लूक १८:११ मधला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस) देवाचे आभारच मानत होता, पण शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे बोट दाखवून. "पलीकडच्या शेतात बोंडअळी पडली, माझे शेत वाचवलेस" अशी नोंद आपल्याही हातून सहज होते. तिची कसोटी सोपी आहे: ही ओळ त्या शेजाऱ्यासमोर मोठ्याने वाचता येईल का? येत नसेल तर खोडा, आणि त्याच्यासाठी काय करता येईल ते त्या जागी लिहा.

जेवणाची प्रार्थना

इथे चूक बहुधा एकच होते. भाकरी टाकणारी बाई चुलीपाशी असते आणि बाकीचे डोळे मिटून प्रार्थना उरकतात. ती ताटावर बसेपर्यंत थांबा, किंवा तव्यावरची भाकरी उतरली की तिला बोलवा. प्रार्थना अर्ध्या मिनिटाची असली तरी चालते, पण त्यात ताटातली एक वस्तू नाव घेऊन यावी: आजची दादर ज्वारीची भाकरी, हे वांग्याचे भरीत. अनुवाद ८:१० मध्ये खाऊन तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद करायला सांगितले आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तरी जेवण झाल्यावर प्रार्थना करा. पोट भरल्यावरच विसर पडतो, असा इशारा त्याच अध्यायात पुढे दिला आहे.

स्तोत्र १३६ घेऊन स्वतःच्या घराचे स्तोत्र रचणे

कुटुंबाच्या उपासनेसाठी याहून चांगले साधन सांगता येणार नाही. या स्तोत्रात २६ वचने आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी एकच पालुपद आहे: त्याची दया सनातन आहे. एकाने पहिला भाग वाचायचा, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचे. वाचता न येणाऱ्यालाही यात पूर्ण भाग घेता येतो, आणि तीन-चार मिनिटांत सगळे म्हणून होते.

दोन-तीन वेळा मूळ स्तोत्र म्हणून झाले की त्याची बांधणी पाहा. वचने १ ते ३ मध्ये आवाहन आहे, ४ ते ९ मध्ये सृष्टी, १० ते २२ मध्ये मिसरातून सुटका, अरण्य आणि देशाचा वारसा. २३ आणि २४ मध्ये "आमच्या दैन्यावस्थेत" त्याने केलेली आठवण आणि शत्रूंपासून सोडवणूक, २५ मध्ये सर्व प्राण्यांना अन्न, २६ मध्ये पुन्हा आवाहन. आता हीच चौकट ठेवून आपल्या ओळी भरा. पहिल्यांदा १२ ओळी पुरेत.

आवाहनाची एक ओळ जशीच्या तशी घ्या. सृष्टीच्या तीन ओळी आपल्या भागातल्या असाव्यात: ज्याने सातपुड्याचे डोंगर उभे केले, ज्याने तापीला वाहते ठेवले, ज्याचे ऊन नंदुरबारच्या पथारीवर (वाळवणाच्या मैदानावर) मिरची वाळवते. नंतरच्या पाच ओळी घराण्याच्या इतिहासाच्या, आणि इथे घाई करू नका. आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा: आपल्या घरात सुवार्ता प्रथम कुणी ऐकली, कुणाकडून ऐकली, १९७२ च्या दुष्काळात घर कसे तगले, पहिले शिकलेले माणूस कोण, मोठे आजारपण कोणते आणि त्यातून वाट कशी निघाली. खानदेशातल्या अनेक मंडळ्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत, तरी बऱ्याच घरांत पणजोबांपलीकडे काही माहीत नसते. या निमित्ताने ते लिहून होते. उरलेल्या तीन ओळींपैकी एक दैन्यावस्थेची, एक अन्नाची आणि एक शेवटच्या आवाहनाची.

दैन्यावस्थेची ओळ बरेच जण गाळतात, लाज वाटते म्हणून. ती ठेवाच. कर्जाचे किंवा दारूचे दिवस असतील तर सगळे तपशील नकोत. "आम्ही बुडत होतो तेव्हा ज्याने आम्हाला धरले" एवढे पुरते, घरातल्यांना अर्थ कळतो. मात्र ज्याच्याविषयी ती ओळ आहे त्याला आधी विचारा.

वाईट दिवसांत

मे-जूनच्या वादळात रावेर-यावल भागातल्या काढणीला आलेल्या केळीबागा एका रात्रीत आडव्या होतात. त्या सकाळी बांधावर उभ्या असलेल्या माणसाला "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन कसे ऐकवायचे? त्या सकाळी ते ऐकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फोटो काढायला, पंचनाम्यासाठी तलाठ्याला गाठायला, विम्याची सूचना वेळेत द्यायला मदत करा. वचनाची वेळ नंतर येते.

ती आली की पुढच्या क्रमाने जा. स्तोत्र १३ याला आधार आहे. त्यात सहाच वचने आहेत, त्यातली पहिली दोन निव्वळ तक्रार, आणि त्या दोन वचनांत "कोठवर" हा प्रश्न चारदा येतो. पुढची दोन मागणी, शेवटची दोन भरवसा आणि गाणे. म्हणून वहीचे डावे पान तक्रारीला द्या. देवाला जे म्हणायचे आहे ते न सुशोभित करता लिहा: किती झाडे गेली, किती कर्ज आहे, राग कशाचा आहे. त्याखाली मागणी नेमकी लिहा, "सगळे ठीक कर" अशी मोघम नको: सोसायटीचा हप्ता, मुलीची फी, आजची झोप. उजवे पान उपकारस्तुतीला. तिथे फक्त तेच लिहा, जे आजही खरे आहे. एकच ओळ सुचली तर एकच लिहा. पान कोरे राहिले तरी तारीख टाका.

हबक्कूक ३:१७ मध्ये संदेष्टा नुकसानीची यादी करतो: अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेते, मेंढरे, गुरे. सहाही गेले तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असे तो पुढच्या वचनात म्हणतो. गोठा रिकामा झाल्याचा त्याला आनंद नाही. रिकाम्या गोठ्यापाशीही देव त्याचा आहे, याचा आहे. इफिसकरांस ५:२० मध्ये सर्व गोष्टींबद्दल उपकार मानायला सांगितले आहे हे खरे, पण म्हणून रडणे वर्ज्य होत नाही. योहान ११ मध्ये येशू आधी रडला (वचन ३५), आणि मग कबरेपाशी पित्याचे उपकार मानले (वचन ४१). ज्या रात्री त्याला धरून दिले त्याच रात्री भाकर हाती घेऊन त्याने उपकारस्तुती केली. प्रभुभोजनाला बसताना आपण तीच रात्र आठवतो. दुःखातली उपकारस्तुती कशी असते, याचा नमुना आपल्या हाती दर प्रभुभोजनाला असतो.

मयताच्या घरी "देवाची इच्छा होती, उपकार माना" असे बोलू नका. रोमकरांस १२:१५ तिथे रडायला सांगते. ते मूल किंवा तो माणूस जितके दिवस लाभला त्याबद्दल उपकार मानायचे की नाही, आणि केव्हा, हे घरच्यांना ठरवू द्या. बाहेरच्या कुणी ते सुचवायचे नाही.

झोप उडाली, भूक गेली, कशातच मन लागत नाही आणि असे दोन आठवडे चालले, तर त्या माणसाला विश्वासात कमी पडलेला समजू नका. डॉक्टरकडे न्या. मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "आहे त्यात देवाचे उपकार मान" असा सल्ला देणे हे देवाच्या नावाने केलेले पाप आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी, महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक हवा. पाळकांनी इथे कचरू नये.

घरची उपकारस्तुती सभा

बाळ झाले, घर बांधले, ऑपरेशन नीट झाले, अशा वेळी ही सभा ठेवतात. लेवीय ७:१५ नुसार उपकारस्तुतीच्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचे असे. एका कुटुंबाला ते संपवणे अवघड, म्हणजे ताटावर शेजारीपाजारी आलेच. आपल्या सभेचाही गाभा हाच: मिळालेले भले वाटून खाणे.

घटनेनंतर महिन्याभरात सभा ठेवा. पैसे जमेपर्यंत थांबलात तर वर्ष जाते आणि साक्ष शिळी होते. उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर, अंगणात. पाळकसाहेबांची तारीख आधी घ्या. सव्वा तासात सभा आटपते ती अशी: सुरुवातीची प्रार्थना आणि दोन गीते मिळून पंधरा मिनिटे, स्तोत्र १०७ किंवा लूक १७:११-१९ चे वाचन पाच मिनिटे, साक्ष सात-आठ मिनिटे, वचनावरचा संदेश वीस मिनिटे, एक गीत आणि अर्पण दहा मिनिटे, मध्यस्थीची प्रार्थना आणि आशीर्वाद दहा मिनिटे. गीते उपासना संगीतातली, सर्वांना चाल येणारी घ्या. नारायण वामन टिळकांची भजने टाळ-ढोलकीवर छान होतात आणि ख्रिस्ती नसलेले शेजारीही त्यात सूर मिसळतात.

साक्ष आधी कागदावर लिहा. काय झाले होते, आम्ही किती घाबरलो, देवाने कुणाकुणाच्या हातून मदत पाठवली, आता काय, एवढ्या चार भागांत ती बसते. डॉक्टर, नर्स, रक्त देणारे, रात्री गाडी काढणारा शेजारी यांचा उल्लेख हवा. त्याने देवाचा मान कमी होत नाही. आजाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याचा आजार चारचौघांत सांगू नका. खर्चाचे आकडे, घराच्या टाइल्सचा भाव यांना साक्षीत जागा नाही. समोर असे कुणी बसलेले असते ज्याने हीच प्रार्थना केली आणि ज्याचे माणूस वाचले नाही. पाळकसाहेबांना त्याची कल्पना आधी द्या, म्हणजे मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्याच्यासाठीही प्रार्थना होईल.

कर्ज काढून जेवण घालू नका. चाळीस माणसांना चहा-पोहे हा पूर्ण पाहुणचार आहे: अडीच लिटर दूध, दोन लिटर पाणी, चारशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम चहापत्ती आणि तीन किलो पोहे. एका घराने मटणाचा बेत केला की पुढच्या गरीब घराला सभा ठेवायचीच भीती वाटते. मंडळीच्या वडिलांनी (ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) सगळ्यांसाठी चहा-पोह्यांचीच रीत ठरवली तर उत्तम.

कापणीचा सण

अनुवाद २६ मध्ये प्रथमफळांची टोपली याजकाला देताना शेतकऱ्याने काय बोलायचे, ते शब्दही दिले आहेत: माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आम्ही दास होतो, देवाने सोडवले, आणि आता तू दिलेल्या भूमीचे हे पहिले फळ. टोपलीबरोबर इतिहास सांगायचा. आपल्याकडे कापणीच्या सणाला पिकाची टोपली मंडळीत जाते आणि शब्द राहून जातात. यंदा प्रत्येक कुटुंबाने दोन वाक्ये बोलून टोपली पुढे न्यावी, असे ठरवून पाहा.

तारीख विचार करून ठेवा. नंदुरबार-नवापूरकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. डिसेंबरात सण ठेवला तर ज्यांनी सर्वात जास्त घाम गाळला तेच गैरहजर. नवा भात, बाजरी, मूग, उडीद घरात आले की, ती माणसे निघण्यापूर्वीच सण करा. परतल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी एक छोटी उपकारस्तुती त्यांच्यासाठी ठेवा, मजुरीतून आणलेल्या अर्पणाची.

अर्पणाचा वाटा विक्रीआधी काढा. कापसाची पहिली वेचणी घरात आली की तेव्हाच. भाव किती मिळतो ते पाहून देऊ म्हटले की देणे कमी होत जाते. धान्य कडक वाळवून, चाळून, कोरड्या गोणीत आणा. ओलसर बाजरी चार दिवसांत तापते आणि मग कुणाच्याच उपयोगी पडत नाही. केळीचे घड अर्धे कच्चे असतील असे निवडा, पिकलेले त्याच दिवशी वाटा. ज्यांची शेती नाही त्यांनी मजुरीतला किंवा पगारातला वाटा पाकिटात आणावा आणि तो त्याच टोपलीत ठेवावा, वेगळ्या पेटीत नको.

अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव ही या सणाची रंगतदार रीत, पण गोष्टी बिघडतात त्याही इथेच. भोपळा पाचशेला घेणाऱ्याचे कौतुक होते आणि अंडी आणणारी म्हातारी कोपऱ्यात राहते. लिलावाआधीच एकूण वस्तूंचा ठरावीक भाग, निदान चौथा हिस्सा, विधवा, आजारी आणि गरजू घरांसाठी बाजूला काढा. त्या घरांत ख्रिस्ती नसलेलीही असू द्या, कारण अनुवाद २६:११ मध्ये लेव्याबरोबर (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाबरोबर) उपऱ्यालाही आनंदात सामील केले आहे. उधारीवर बोली लावू देऊ नका, वसुलीवरून पुढे भांडणे होतात. जमा-खर्चाचा कागद पुढच्या रविवारी दारावर लावा.

वर्षअखेरीस वही उघडताना

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेपूर्वी दुपारी तासभर काढा. वही सुरुवातीपासून वाचा. ज्या मागण्यांना उत्तर मिळाले त्यांच्यापुढे तारीख लिहा. ज्यांना मिळाले नाही त्या खोडू नका, नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. ज्या माणसांची नावे वारंवार दिसतात त्यांतल्या तिघांना त्याच दिवशी फोन करा किंवा भेटा, आणि कोणत्या गोष्टीबद्दल आभार मानता आहात ते नाव घेऊन सांगा. रात्री साक्षीची वेळ आली की वहीतली एकच नोंद, तारखेसह, जशीच्या तशी वाचा.

मधले महिनाभराचे दिवस कोरे दिसले तर मागचे आठवून भरत बसू नका. वेचणीच्या दिवसांत, बाळंतपणात, दवाखान्यात खंड पडतोच. आजची तारीख टाका आणि आजच्या तीन ओळी लिहा. रोज जमत नसेल तर शनिवारी रात्री एकदाच लिहा, पण वार ठरलेला असू द्या.